तटस्थ ग्रहावरच्या आत्या

आकाशगंगेतलं राजकारण दिल्लीत जर कोणाला खरोखर कळत असेल, तर ते आमच्या बी ब्लॉकच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आत्यांना. कोणता ग्रह कोणाचा मांडलिक आहे, कोणाची युती पुढच्या भागात मोडणार, कोणता सेनापती शपथ एकाची घेऊन निरोप दुसऱ्याला पाठवतो, हे सगळं त्यांना ती मालिका लिहिणाऱ्यांच्याही आधी कळतं, असं माझं प्रामाणिक मत आहे. यान कसं उडतं, त्याला इंधन काय लागतं, दोन सूर्य असलेल्या ग्रहावर संध्याकाळ केव्हा होते, असल्या गोष्टींत त्यांना काडीचा रस नाही. स्फोट सुरू झाले की त्या उठून भाजी निवडायला घेतात. "हे आटपलं की सांग," म्हणतात. "आता धूर होईल, आरडाओरडा होईल, मग परत बैठक बसेल. बैठक बसली की हाक मार." आणि बैठक बसली की हातातली मेथीची जुडी तशीच धरून, चष्मा कपाळावरून नाकावर ओढून, त्या पुढे सरकून बसतात. गोल टेबलाभोवती निळे, हिरवे, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे लोक बसलेले असतात. आत्या त्यांच्या तोंडांकडे पाहत नाहीत. कोण कोणाच्या शेजारी बसलंय ते पाहतात.

आत्या आमच्या कोणाच्याच आत्या नाहीत. त्यांचा भाचा कॉलेजसाठी काही वर्षं त्यांच्याकडे राहिला होता. तो खालच्या मजल्यापासून 'आत्या, आत्या' असा पुकारा करत जिना चढायचा, त्यामुळे मयूर विहारमधल्या आमच्या अख्ख्या सोसायटीनं ते नातं उचललं. आता समोरच्या पंजाबी आंटीसुद्धा त्यांना 'आत्याजी' म्हणतात, आणि गेटवरच्या गार्डला ते त्यांचं आडनाव वाटतं. निवृत्त होईपर्यंत आत्या कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या सरकारी गेस्ट हाउसमध्ये काउंटरवर होत्या. मुंबईहून येणारे मंत्री, आमदार, सचिव, त्यांचे पीए आणि पीएंचे मेहुणे, ह्या सर्वांना खोल्या देणं हे त्यांचं काम. त्या नोकरीत सरकारं आली, गेली, पडता पडता वाचली. खोल्या मात्र तेवढ्याच राहिल्या. त्यामुळे राज्यशास्त्र त्या चाव्यांच्या फळीवर शिकल्या. नेहमीची खोली सोडून कोणी जिन्यालगतची मागितली, की भेटायला येणारा माणूस स्वतःच्या पक्षाचा नाही. एकाच गाडीतून आलेल्यांनी वेगवेगळ्या मजल्यांवर खोल्या मागितल्या, की गाडीतच बिनसलं. आणि सगळ्यांत महत्त्वाचा नियम, जो त्या मला इतक्यांदा सांगत आल्या आहेत की झोपेतून उठवलं तरी मी म्हणून दाखवेन: "ज्याला फुटायचं असतं, तो आधी चहा नाकारतो. मन आधीच उठून गेलेलं असतं गं. ज्याचा चहा प्यायचा त्याला दगा द्यायचा, हे माणसाला जड जातं."

हाच नियम त्या ग्रहताऱ्यांनाही लावतात. पहिल्याच पर्वात एका राजदूतानं समोर आलेला जांभळा पेला नुसता बोटानं बाजूला सारला, आणि आत्या जवळजवळ ओरडल्याच, "गेला! हा गेला बघ!" पुढे दोन-तीन भागांनी तो खरोखरच आपलं सगळं आरमार घेऊन पलीकडे गेला तेव्हा त्यांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही, फक्त मेथीची काडी मोडली. अर्थात त्या नेहमीच बरोबर येतात असं नाही. एका म्हाताऱ्या सरदारानं सूप अर्धं टाकलं म्हणून आठवडाभर त्या त्याला फितूर, फितूर म्हणत राहिल्या. निघालं असं की सुपात विष होतं आणि तो बिचारा त्याच रात्री गेला. आत्यांना फार वाईट वाटलं. "मी उगाच संशय घेतला," असं त्या मला जिन्यात भेटल्यावरही म्हणाल्या, आणि दुधाच्या पिशव्या घेऊन येणाऱ्या समोरच्या आंटींना वाटलं, सोसायटीतलंच कोणीतरी गेलं.

मालिकेचं खरं नाव आत्यांना उच्चारता येत नाही. आमच्यात तिचं नाव 'वरचं' आहे. "आज वरचं लावायचं ना?" म्हणजे शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी त्यांच्याकडे जायचं. हे असं सुरू झालं की भाच्यानं बंगळूरहून नवा टीव्ही पाठवला, आणि आत्या पाककृतींचा कार्यक्रम शोधता शोधता भलतंच बटण दाबून अंतराळात पोचल्या. मग त्यांनी खाली येऊन आमची बेल वाजवली. "तू इंग्रजी शाळेतली ना गं? जरा वर ये. तो खवल्यांचा माणूस काय म्हणाला तेवढं सांग." मी गेले, कारण मला नाही म्हणायला फार शब्द लागतात. हिंदीतही लावून पाहिलं. पण आत्यांचं म्हणणं, हिंदीत सगळे ग्रह एकाच माणसाच्या आवाजात बोलतात, कोण कोणावर रुसलंय ते कळत नाही. तेव्हा मी इंग्रजीचं मराठी करायचं, आणि आत्यांनी माझ्या मराठीचं मराठी करायचं, असं ठरून गेलं.

"आत्या, तो म्हणतोय की त्यानं त्यांना... म्हणजे त्यांच्यात राहून त्यांचं सीक्रेट दुसऱ्यांना दिलं."

"फितुरी केली."

"हां. आणि ती म्हणतेय की आम्ही कोणाच्याच साइडला नाही."

"तटस्थ. लक्षात ठेव, चांगला शब्द आहे. तोंड बंद ठेवायला उपयोगी पडतो."

मनधरणी, कुरघोडी, ओलीस, तह, खलिता हे शब्द मला शाळेनं दिले नाहीत, घरातही कधी लागले नाहीत. ते मला परग्रहावरून मिळाले. ऑफिसात माझा आवाज सकाळच्या 'हॅलो'पुढे फारसा कोणी ऐकलेला नाही. पण आत्यांच्या दिवाणावर बसून मी युद्धं जाहीर केली आहेत.

तर गोष्ट अशी. एका बाजूला श्रीमंत, लख्ख ग्रहांची युती. आत्या त्यांना 'उजेडवाले' म्हणतात. दुसऱ्या बाजूला काळोख्या उपग्रहांवर खाणीत राबणारे 'खाणवाले'. मध्ये एक जुनं अंतराळस्थानक, कोणाच्याच मालकीचं नसलेलं, जिथे सगळे येऊन उतरतात, जेवतात, भांडतात आणि आपापल्या यानांत बसून निघून जातात. हे स्थानक दिसलं की आत्यांचा चेहरा माहेर दिसल्यासारखा होतो. "हे आपलं गेस्ट हाउसच," म्हणतात. त्यांची एकच तक्रार आहे आणि ती त्या दर शनिवारी न चुकता करतात: "एवढे जगभरचे लोक उतरलेत, रोज येतात, रोज जातात. चादरी कोण बदलतं? एकदा तरी दाखवावं की नाही?" मी एकदा म्हटलं, यंत्रमानव बदलत असतील. आत्यांनी माझ्याकडे अशा दयेनं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

आणि ह्या सगळ्यांत एक माणूस आहे, ज्याला आत्या 'मधला' म्हणतात. तो जन्मानं खाणवाल्यांचा. लहानपणी ओलीस म्हणून उजेडवाल्यांनी उचलून नेला, त्यांच्यातच वाढला, शिकला, आणि आता त्यांचाच वकील होऊन खाणवाल्यांशी बोलणी करायला येतो. कपडे इकडचे, गुणगुणतो ते गाणं तिकडचं. दोन्हीकडचे त्याच्याशी गोड बोलतात आणि त्याची पाठ वळली की दोन्हीकडचे गप्प होतात. तो शेवटी कोणाकडे जाणार, ह्या प्रश्नानं आत्यांना इतकं पछाडलं की त्यांनी भाजीवाल्यालाही मत विचारलं. मी शेजारीच उभी होते. "भैया, समझो आप पैदा यहाँ के हो, बड़े वहाँ हुए, और दोनों में लड़ाई हो गई. किसके साथ जाओगे?" भाजीवाल्यानं तराजू खाली ठेवला. "माताजी, जिधर घरवाली हो." आत्या दुधी घेऊन जिना चढल्या. दुसऱ्या मजल्यावर थांबून मला म्हणाल्या, "बरोबर बोलला तो. ह्या मधल्याचं घरचं कोणी दाखवलंच नाही."

त्याच शनिवारी, पडद्यावर स्फोट चालू असताना, त्यांनी मला अचानक विचारलं, "आणि तू? तू कोणाकडे?"

"मी तर मधल्याच्याच," मी म्हटलं.

"ते नाही विचारलं. हा डबा तुमचा. झाकण सरोजिनी नगरचं." त्यांनी मी नेलेला लाडवांचा डबा उलटा करून दाखवला. खरंच, आईच्या डब्यावर मावशीच्या डब्याचं झाकण होतं. जरा दाबून बसवावं लागत होतं. "ललिताच्या आणि शुभाच्या घरांत तूच एकटी ये-जा करतेस. दोघी एकमेकींशी बोलत नाहीत."

मी घरातलं बाहेर सांगणाऱ्यातली नाही. पण ह्यात सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ललिता माझी आई, शुभा माझी धाकटी मावशी. आई लग्न होऊन दिल्लीत आली, आणि इथे करमेना म्हणून दोन वर्षांत तिनं इथलाच मुलगा शोधून मावशीलाही आणलं. आम्ही मयूर विहारला, मावशी सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. मेट्रोची पिंक लाइन आल्यापासून मध्ये गाडीही बदलावी लागत नाही. आणि अशा ह्या दोघी गेल्या संक्रांतीपासून बोलत नव्हत्या. कारण होतं रविवार. दिल्लीतल्या मराठी बायका चारी दिशांना पसरलेल्या, बहुतेक नोकरीवाल्या; त्यामुळे संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचं हळदीकुंकू इथे फक्त रविवारी होऊ शकतं. असे रविवार असतात मोजके. त्यातला एक सव्वीस जानेवारीच्या बंद रस्त्यांत जातो. उरलेल्यांची वाटणी डिसेंबरातच होते, पाणीवाटपासारखी, आणि तेवढ्याच कडवटपणे. गेल्या वर्षी आईनं आणि मावशीनं न विचारता एकच रविवार धरला. आईला वाटलं, मी मोठी, शुभा बदलेल. मावशीला वाटलं, मी क्वार्टरमध्ये, मला पुन्हा कॉलनीचा हॉल मिळणार नाही, ताई समजून घेईल. दोघींनी ग्रुपवर आमंत्रणं टाकली, आणि हळदीकुंकवाचं एकदा दिलेलं आमंत्रण काही मागे घेत नाहीत. यमुनेअलीकडच्या बायका आईकडे गेल्या, पलीकडच्या मावशीकडे. काही चतुर बायका पिंक लाइननं दोन्हीकडे जाऊन आल्या. त्या कपाळावरच्या दुप्पट कुंकवानं पकडल्या गेल्या. संध्याकाळी मावशी कोणाला तरी म्हणाली, "ताईकडे बायकांपेक्षा वाणच जास्त उरलं म्हणे." ते रात्रीच्या जेवणाआधी आईपर्यंत पोचलं. झालं.

हे रुसणं एरवी चाललंही असतं. पण मावशीचे यजमान मार्चअखेर रिटायर होणार होते. क्वार्टर सोडायचं आणि दोघांनी साताऱ्याला जायचं, कायमचं, असं ठरलं होतं. मावशीच्या घरी खोकी बांधायला सुरुवात झाली होती. मी तिकडे गेले की मावशी विचारायची, "ताईचा गुडघा कसा आहे?" आणि लगेच, "मी आपलं सहज विचारलं, सांगू नकोस." घरी आले की आई विचारायची, "शुभानं ते मोठं पातेलं बांधलं का? ते माझं आहे. मला नकोय, आपली चौकशी." मी दोन्हीकडे फक्त 'ठीक आहे' म्हणायचे. एवढ्याशा शब्दात एक गुडघा आणि एक पातेलं इकडून तिकडे नेत होते. आणि मला दिसत होतं की ह्या दोघी अशाच, न बोलता, स्टेशनवर न भेटता, एकमेकींपासून लांब जाणार आहेत.

आत्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मावशीचा नंबर दे."

ह्याच सुमारास मला एका गोष्टीचं कुतूहल वाटायला लागलं होतं. आत्यांना कोणाचं हळदीकुंकू कधी, कोणी काय लुटलं, कोणाचे तिळगूळ दात पाडणारे, हे सगळं माहीत असायचं. पण आमच्या घरच्या हळदीकुंकवाला मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आई तीळ भाजत होती तेव्हा मी विचारलं, "आपण आत्यांना का नाही बोलवत?"

"अगं, त्यांचे यजमान नाहीत ना."

"मग?"

"मग काय मग. फार लवकर गेले बिचारे. त्यांच्याच जागी आत्यांना नोकरी लागली. हळदीकुंकू सवाष्णींचं असतं. बोलावलं तर त्यांनाच अवघडल्यासारखं होईल."

"विचारलंयस कधी?"

आईनं मिक्सर सुरू केला.

मी खोलीत येऊन बसले. आत्यांच्या तोंडून 'तटस्थ' हा शब्द मी कितीदा ऐकला होता, आणि तो त्यांनी स्वतः निवडलेला असणार असंच समजून चालले होते.

दोन दिवसांनी आई म्हणाली, "आत्यांच्या मनात आलंय, ह्या वर्षी त्यांच्याकडे हळदीकुंकू करायचं. म्हणाल्या, 'मला तर बायकांना लावता येत नाही ललिता, तू येऊन लावशील का माझ्या वतीनं?' आता एवढ्या वयाच्या बाईनं असं तोंडानं मागितलं, नाही कसं म्हणणार?" त्याच संध्याकाळी मावशीचा फोन आला. "तुमच्या त्या वरच्या आत्या गं. रडूच आलं मला. म्हणाल्या, 'शुभा, मला तर लावता येत नाही, तू येशील का माझ्या वतीनं?' रविवार द्यावाच लागला." दोघींपैकी एकीनंही विचारलं नाही की दुसरीला बोलावलंय का. मालिकेत अशा वेळी कॅमेरा मधल्याच्या चेहऱ्यावर येऊन थांबतो. माझ्या चेहऱ्यावर कोणी थांबत नाही, हे किती बरं आहे ते मला त्या दिवशी कळलं. मी दोन्हीकडे 'अच्छा' म्हटलं.

शनिवारी आत्यांनी मला शिष्टाचार समजावून सांगितला. विरोधातले दोन पुढारी एकाच दिवशी उतरले तर खोल्या दोन टोकांना द्यायच्या, पण जेवायची वेळ एकच, कारण डायनिंग हॉल एकच. आणि कोणालाही आधी येऊ द्यायचं नाही. "आधी येतो तो गरजू दिसतो." म्हणून आई गुडघा सांभाळत जिन्यानं निघाली की मी गार्डला मिस्ड कॉल द्यायचा, आणि तोवर त्यानं मावशीला गेटपाशी 'लिफ्ट में सफाई है' सांगून थोपवायचं, अशी ती योजना. गार्डनं ती इतकी मनावर घेतली की पाठोपाठ आलेल्या डॉक्टरांनाही त्यानं सफाई सांगून थांबवलं. तरी वेळ मात्र अचूक साधली. तिसऱ्या मजल्यावर जिन्यातून धापा टाकत आई आणि लिफ्टमधून मावशी एकदमच बाहेर आल्या. दोघींच्या हातांत चांदीचे करंडे. दोघींच्या मागे आपापल्या बायका.

"आत्यांनी बोलावलं म्हणून आले," आई म्हणाली.

"मीही आत्यांनी बोलावलं म्हणूनच आले," मावशी म्हणाली. दोघी बोलत होत्या आत्यांच्या दाराच्या कडीशी.

आत्या दारातच उभ्या होत्या, नेहमीच्या राखाडी साडीत, पण इस्त्री केलेल्या. "या. ललिता हळद लावेल, शुभा कुंकू. एकीनं दोन्ही लावायचं नाही, माझ्याकडे अशी पद्धत आहे."

"ही कुठली पद्धत?" आईनं विचारलं.

"गेस्ट हाउसची," आत्यांनी बिनदिक्कत सांगितलं.

मग खिडकीखाली दोन खुर्च्यांवर दोघी शेजारी बसल्या, आणि बायका एकामागून एक पुढे येऊ लागल्या. आईकडून हळद, एक पाऊल सरकून मावशीकडून कुंकू. मध्ये एकदा मावशीनं आईचा गुडघा टेबलाच्या पायाला लागतोय हे पाहून टेबल जरासं ओढलं. आईनं ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. तेवढ्यात मी चहाचा ट्रे घेऊन गेले. मावशीनं ट्रेकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि म्हणाली, "मला नको."

स्वयंपाकघराच्या दारात आत्यांनी माझं मनगट धरलं. "गेली," त्या कुजबुजल्या. "फुटली. आता उठेल बघ." इतकी वर्षं त्यांना मी मंत्रिमंडळांबद्दल, ग्रहांबद्दल बोलताना ऐकत होते, घाबरलेलं प्रथमच पाहिलं.

पण आईनं कप घेतला होता. तिनं घोट घेतला, आणि तिचा चेहरा हळूहळू वेगळाच झाला. तिनं कप खाली ठेवला. शेवटी तिला राहवेना.

"शुभे."

मावशी दचकली. "काय?"

"जरा घे एक घोट."

मावशीनं आईच्याच कपातून घोट घेतला. "ताई! हे काय आहे?"

"चहा म्हणतायत."

"चहा नाही, काढा आहे. आणि बाहेर अजून अर्ध्या बायका प्यायच्यात!"

दोघी एकदम उठल्या. आत्यांना बाजूला सारून आत शिरल्या. ओट्यावर भलंमोठं पातेलं रटरटत होतं, गेस्ट हाउसच्या मापानं, आणि पत्ती अशी पडली होती की पळी उभी राहावी. मग आतून फक्त आवाज येत राहिले. "दूध कुठंय? आलं किस." "ताई, तू नको वाकू, मी काढते." "हे पातेलं आमच्याकडच्यासारखं आहे." "तुझंच आहे ते, आत्यांकडे पाठवून दिलं. बांधलं नाही मी, तुला काय वाटलं?" मग नुसता आलं किसल्याचा आवाज. मग कोणीतरी नाक ओढलं. ते कोणी, हे मला बाहेरून कळलं नाही आणि मी डोकावले नाही.

आता एक गोष्ट मला आजही सुटलेली नाही. आत्यांचा चहा मी दर शनिवारी पिते. गवती चहाची पात घालून केलेला, बेताच्या साखरेचा, असा चहा आमच्या ब्लॉकमध्ये कोणाला जमत नाही. तो नेमका त्याच दिवशी कसा बिघडला? मी पुढच्या शनिवारी सरळ विचारलं. "आत्या, तुम्ही मुद्दाम केलात ना?" त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "बघ बघ, उजेडवाल्यांची राणी उठली. आता बैठक मोडणार." राणी काही उठली नव्हती, नुसती जागच्या जागी सरकली होती.

पण त्या रविवारचं थोडं राहिलं. दुसरा चहा झाला, वाण वाटून झालं, बायका पांगायला लागल्या. आई करंडा बंद करत होती. तिचा हात थांबला. तिनं मावशीकडे पाहिलं, मावशीनं तिच्याकडे. दोघी आपापला करंडा घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. आत्या कपबशा विसळत होत्या.

"आत्या, इकडे वळा," आई म्हणाली.

"अगं, मला नको. माझं काय त्यात. मी आपली तटस्थ."

"ते तुमचं वरचं राजकारण वर," मावशी म्हणाली. "हात पुसा आधी."

आत्यांनी हात पुसले. पुसतच राहिल्या. नॅपकिन कोरडा होता, हातही कोरडे झाले होते. शेवटी आईनं तो काढून घेतला आणि हळद लावली, मावशीनं कुंकू. आत्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते, लहान मुलं इंजेक्शनच्या वेळी मिटतात तसे. मग उघडून म्हणाल्या, "झालं? आता कपबशा राहिल्यात माझ्या." आणि परत सिंककडे वळल्या.

एप्रिलात मावशी साताऱ्याला गेली. आई आणि ती स्टेशनवर एवढ्या बोलत होत्या की गाडी हलली तरी मावशीला द्यायचं म्हणून नेलेलं ते पातेलं आईच्याच हातात राहिलं. आता ते आत्यांकडेच असतं. दोघींचे करंडेही तिथेच आहेत, टीव्हीखालच्या फळीवर, रिमोटच्या शेजारी. पुढच्या संक्रांतीला मावशी येणार आहे, आणि हळदीकुंकू आता आत्यांकडेच व्हायचं, असा तह झाला आहे. खलिता कोणी लिहिला नाही, पण पाळला जाईल असं वाटतं.

मालिकेचा शेवटचा भाग आम्ही मेमध्ये पाहिला, कूलर लावून. उजेडवाले आणि खाणवाले यांच्यात शेवटी समेट झाला, अर्धामुर्धा, जसा होतो तसा. मग स्थानकाची गरजच उरली नाही. एक एक यान सुटत गेलं. दोन्हीकडच्यांनी मधल्याला 'चल' म्हटलं, दोन्हीकडच्यांच्या आवाजात खरी माया होती, आणि तो दोन्हीकडच्यांना हात करून मागे राहिला. रिकाम्या लांब व्हरांड्यातून एकटा चालत गेला, एकेका खोलीत डोकावत. काही बोलला नाही, त्यामुळे मला मराठी करण्यासारखं काही नव्हतं.

नावं वर सरकायला लागली तरी आत्या पडद्याकडेच पाहत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "राहिला."

"कोणाकडे, आत्या?"

"कोणाकडे नाही गं. राहिला." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. थोड्या वेळानं स्वतःशीच हसल्या. "म्हणजे चादरी तोच बदलत होता. एवढे दिवस मी उगाच विचारत बसले."

त्या उठल्या, आत गेल्या. गवती चहाचा वास आला. त्यांनी दोन कप आणून ठेवले, आणि मी माझा लगेच उचलला.